हास्यक्लब

हास्यक्लब म्हणजे बाग, मैदान, समुद्रकिनारा किंवा गृहनिर्माण संस्थेचे आवार अशा ठिकाणी ठरावीक वेळी, बहुधा सकाळी, एकत्र जमून विनोदाच्या आधाराशिवाय हसण्याचा व्यायाम करणाऱ्या लोकांचा गट होय. पहिला हास्यक्लब १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या अंधेरी उपनगरातील लोखंडवाला कॉम्प्लेक्स येथे डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केला. श्वसनाचे व्यायाम, टाळ्या आणि हास्य यांची सांगड घालणाऱ्या या पद्धतीला हास्ययोग असे म्हणतात. क्लबला वयाची अट नसते. परंतु महाराष्ट्रातील क्लबांमध्ये निवृत्तांचा भरणा अधिक दिसतो. रक्तदाब, मधुमेह, संधिवात, मंदावलेली श्रवणशक्ती अशा तक्रारी सोबत घेऊन जगणाऱ्या वृद्धांना घराबाहेर पडण्याचे आणि माणसांत राहण्याचे एक निमित्त या उपक्रमाने दिले. प्रस्तुत लेखात हास्यक्लबचा विचार प्रामुख्याने या अंगाने केला आहे.

उगम

व्यवसायाने डॉक्टर असलेले कटारिया एका आरोग्यविषयक मासिकासाठी हास्य आणि आरोग्य यांच्या संबंधावर लेख तयार करत होते. त्या निमित्ताने अमेरिकन पत्रकार नॉर्मन कझिन्स यांचा अनुभव त्यांच्या वाचनात आला. कझिन्स यांना १९६४ मध्ये मणक्याच्या एका वेदनादायक संधिवाताने ग्रासले होते. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोटभर हसले की आपल्याला दोन तास वेदनारहित झोप लागते, असे त्यांनी नोंदवले. हा अनुभव १९७६ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आणि १९७९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एका रुग्णाच्या कथनावरून सर्वांना लागू होणारा निष्कर्ष काढता येत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. मात्र या कथनाने अनेकांना विचार करायला लावले, हेही तितकेच खरे.

लेख लिहून थांबण्याऐवजी कटारिया सकाळी सात वाजता जवळच्या बागेत गेले आणि फेरफटका मारणाऱ्यांना आपल्याबरोबर हसण्याचे आवाहन केले. पहिल्या दिवशी पाच जण जमले. प्रारंभी वर्तुळाच्या मध्ये उभे राहून एकाने विनोद सांगायचा आणि इतरांनी हसायचे, अशी रीत होती. सुमारे पंधरवड्यातच चांगल्या विनोदांचा साठा संपला. उरलेले विनोद कोणाला ना कोणाला टोचू लागले आणि आता क्लब बंद करावा असे काही सभासद म्हणू लागले. त्यावर कटारियांनी क्लब बंद न करता विनोदच बंद केला. शरीराने हसण्याची क्रिया करायची, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, आणि खोटे हसू संसर्गाने खरे होण्याची वाट पाहायची, असा नवा क्रम त्यांनी बसवला. त्यांच्या पत्नी माधुरी कटारिया या योगशिक्षिका असल्याने प्राणायामातील दीर्घ श्वसन त्यात आले.

हा बदल अडचणीतून सुचला असला, तरी वृद्धांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. विनोद समजायला कान चांगले लागतात, आधीचे वाक्य ध्यानात राहावे लागते आणि सांगणाऱ्याची भाषा अवगत असावी लागते. उपनगरातील बागेत मराठी, गुजराती, सिंधी, तमिळ अशा अनेक मातृभाषांची माणसे एकत्र येतात. त्यांतील कोणाला ऐकू कमी येते, कोणाला नावे आठवत नाहीत, तर पक्षाघातानंतर कोणाची वाचा अडखळते. गप्पांच्या कट्ट्यावर अशी व्यक्ती हळूहळू कडेला सरकते; दोनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारून झाले की तिसऱ्यांदा ती नुसती मान डोलावते. हसण्याच्या वर्तुळात मात्र तिला शब्द शोधावे लागत नाहीत. समोरच्याचे हात आणि चेहरा दिसला म्हणजे पुरे.

सत्राचे स्वरूप

सत्र साधारणतः वीस ते तीस मिनिटांचे असते. ‘हो हो, हा हा हा’ या तालावर टाळ्यांनी आरंभ होतो. त्यानंतर हात वर नेत दीर्घ श्वास घेतला जातो व सावकाश सोडला जातो. मग हास्याचे निरनिराळे प्रकार होतात. प्रत्येक प्रकार सुमारे अर्धा मिनिट चालतो आणि दोन प्रकारांच्या मध्ये श्वसन येते. नमस्कार करत एकमेकांकडे पाहून हसणे, जीभ बाहेर काढून सिंहासारखे हसणे, कानाशी फोन धरल्याचा अभिनय करत हसणे, एका काल्पनिक पेल्यातून दुसऱ्यात लस्सी ओतत हसणे, तोंड बंद ठेवून मूक हसणे हे काही रूढ प्रकार होत. अनुभवी मार्गदर्शक जोरकस प्रकारांनंतर मूक हास्य योजतात, जेणेकरून धाप लागलेल्यांना दम खाता यावा.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद सांगितले आहेत. पहिली जोडी उत्तम प्रकृतीच्या पात्रांची, दुसरी मध्यम आणि तिसरी अधम प्रकृतीच्या पात्रांची मानली आहे. या मोजमापाने हास्यक्लबमधील सभ्य गृहस्थ-गृहिणींचे रोजचे सकाळचे हास्य थेट अखेरच्या पायरीवर जाऊन बसते. चारचौघांत मोठ्याने हसू नये या संस्कारात वाढलेल्या पिढीला, विशेषतः स्त्रियांना, पहिला आठवडा जड जातो त्याचे मूळ या जुन्या समजुतीत शोधता येईल.

शरीरावरील परिणाम आणि पुरावा

खोट्या आणि खऱ्या हास्यातील फरक शरीराला कळत नाही, हे हास्ययोगाचे प्रसिद्ध गृहीतक आहे. मनातील भावना शरीराच्या हालचालींमागून येते, हा विचार विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १८८४ मध्ये मांडला होता. चेहऱ्यावर हसू आणल्याने मनःस्थिती किती पालटते याची तपासणी १९ देशांतील ३,८७८ व्यक्तींवर करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हसऱ्या चेहऱ्याची जाणीवपूर्वक नक्कल केल्यास आनंदाची भावना थोडी वाढते, एवढेच त्यातून दिसले. म्हणजे गृहीतकात तथ्य आहे, पण प्रचारात सांगितले जाते तेवढे नाही.

मनसोक्त हसताना हृदयाचे ठोके व रक्तदाब तात्पुरते वाढतात आणि नंतर स्नायू सैलावतात. दहा ते पंधरा मिनिटांच्या हास्याने सुमारे १० ते ४० किलोकॅलरी खर्च होतात. तेव्हा चालण्याची जागा हसणे घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद सांभाळणारे व्यायाम करावेत. आजारांमुळे एवढे जमत नसेल, तर जमेल तितके हिंडते-फिरते राहावे. हास्यक्लबला चालत जाणे आणि चालत परत येणे हा या हिशेबातील मोठा भाग ठरतो.

तेहरानमध्ये नैराश्याने ग्रस्त अशा ६० ते ८० वर्षे वयाच्या स्त्रियांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी एका गटाला हास्ययोग दिला, दुसऱ्याला सामूहिक व्यायाम, तर तिसऱ्याला काहीही दिले नाही. नैराश्य कमी करण्यात हास्ययोग आणि सामूहिक व्यायाम सारखेच उपयोगी पडले. या विषयावरील बहुतेक अभ्यास लहान आणि अल्पकालीन असल्यामुळे त्यांवर फार भार टाकता येत नाही. तरीही तेहरानच्या अभ्यासाने एक मूलभूत प्रश्न पुढे येतो: गुण हसण्याचा की जमण्याचा?

संगत

रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाला असे आढळले की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो इतरांच्या सहवासात हसतो. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सोबतीने हसल्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून २०१० मध्ये काढलेला निष्कर्ष अधिक व्यापक आहे. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम आहेत, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांहून सरासरी ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

हास्यक्लबचे बळ या संबंधांत आहे असे मानण्यास जागा आहे. व्याख्यान किंवा सहल महिन्यातून एकदा होते. क्लब रोज भरतो. तेथे उपस्थितीची नोंद ठेवणारे कोणी नसले, तरी वर्तुळात प्रत्येकाची जागा ठरून गेलेली असते आणि ती रिकामी दिसली की विचारणा होते. दोन दिवस न आलेल्याला फोन जातो, तिसऱ्या दिवशी दाराशी कोणीतरी उभे राहते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी पडझड झाली तर ती किती लवकर कळेल, हे पुष्कळदा अशा विचारणेवर अवलंबून असते. सत्र संपल्यावरची पंधरा मिनिटेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. नव्या गोळीने पाय सुजतात का, कोणत्या रुग्णालयात फिरती खुर्ची लगेच मिळते, पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा, याची देवघेव तेव्हाच होते. औषधांच्या बाबतीत शेजाऱ्याच्या अनुभवावरून स्वतःची मात्रा बदलणे घातक असते. पण आपल्या दुखण्याबद्दल मोकळेपणाने बोलता येणे हीही एक गरज आहे, आणि घरच्यांनी ते शंभर वेळा ऐकलेले असते.

या संगतीला एक मोठी त्रुटी आहे. क्लबची जिला सर्वाधिक गरज असते ती व्यक्ती आजार वाढला की सर्वप्रथम क्लबबाहेर पडते. गुडघा साथ देईनासा होतो, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ बाहेर पडता येत नाही, किंवा जोडीदाराच्या शुश्रूषेत सकाळ जाते. सुरुवातीचे फोन हळूहळू थांबतात आणि वर्तुळ मिटून घेते. क्लब चांगला की सामान्य हे त्याच्या हास्यदिनाच्या कार्यक्रमावरून ओळखू नये, सहा महिने न आलेल्या सभासदाकडे कोण जाते यावरून ओळखावे.

कोळीवाडा आणि सदनिका

हास्यक्लब ही मुळात सदनिकांच्या वस्तीची निर्मिती आहे, हे जवळच्याच एका वस्तीशी तुलना केल्यास ध्यानात येते. लोखंडवालाच्या दक्षिणेस, त्याच पश्चिम किनाऱ्यावर खारदांडा हे कोळ्यांचे जुने गाव आहे. अशा कोळीवाड्यांत समुद्रावर जाणे थांबलेला म्हातारा सावलीत बसून जाळे दुरुस्त करतो; वयस्कर स्त्री कोलंबी सोलते, मासळी निवडते, वाळत घातलेल्या बोंबलांवर नजर ठेवते. काम बसून करायचे असते, पण ते दारात किंवा गल्लीत असते आणि येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जातो. माणसांत राहण्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही. पाचव्या मजल्यावरच्या बंद दाराआड राहणाऱ्याला ती काढावी लागते, म्हणून त्याला क्लब लागतो.

हे चित्र रंगवताना भान सुटता कामा नये. जन्मभर ओल्यात उभे राहून आणि ओझी वाहून कोळी स्त्री-पुरुषांचे गुडघे व पाठ लवकर झिजतात. खारवलेली सुकी मासळी रक्तदाबाच्या रुग्णाला जपूनच खावी लागते. आणि वाढत्या शहराने कोळीवाड्यांतील मोकळी जागा व धंदा दोन्ही आक्रसले आहेत. पुढची पिढी नोकरीला लागली की जाळे दुरुस्त करण्याचे कामही उरत नाही. तेव्हा गल्लीत बसलेला म्हातारा आणि बागेतल्या बाकावर बसलेला निवृत्त अधिकारी यांच्या अडचणी एकमेकांच्या जवळ येऊ लागतात.

आजार असलेल्यांनी घ्यावयाची काळजी

जोरात हसताना पोटातील दाब वाढतो. त्यामुळे हर्निया, तीव्र मूळव्याध, नुकतीच झालेली पोटाची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया, नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब, छातीत दुखण्याचा त्रास, तीव्र पाठदुखी, अपस्मार किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सत्रात भाग घेऊ नये, असे हास्ययोगाचे मार्गदर्शकही सांगतात. दमेकऱ्याला हसण्याने खोकल्याची उबळ येऊ शकते. त्याने फवाऱ्याचे औषध खिशात ठेवावे. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली झुकवून हसणे टाळावे. छातीत कळ, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास ताबडतोब थांबून बसावे. संकोचापोटी शेवटपर्यंत उभे राहण्यात अर्थ नाही.

मधुमेहाच्या रुग्णांनी उपाशीपोटी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन बागेत येणे धोक्याचे आहे. थरथर, घाम आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे हसण्याच्या गलक्यात इतरांच्या लक्षात येत नाहीत. सोबत साखर किंवा ग्लुकोज असावे आणि शेजारी उभ्या राहणाऱ्याला आपल्या आजाराची कल्पना द्यावी.

हसताना, खोकताना किंवा शिंकताना लघवीवरील ताबा सुटणे ही उतारवयातील अनेक स्त्रियांची, आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांचीही, तक्रार असते. तिच्याविषयी कोणी बोलत नाही. अशी व्यक्ती काहीतरी कारण सांगून क्लबला येणे सोडते आणि सभासद तिच्या अनुत्साहाला दोष देतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याच्या व्यायामांनी अनेकांचा हा त्रास कमी होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. मूक हास्याने पोटावर ताण कमी येतो. बागेत स्वच्छ व उघडे स्वच्छतागृह असणे ही याबाबतीत कोणत्याही औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी हातांची खुर्ची घेऊन वर्तुळातच बसावे. खुर्च्यांची वेगळी रांग मागे मांडली तर तिचा ‘आजाऱ्यांचा विभाग’ होतो, आणि तेथे बसायला कोणी तयार होत नाही. कंपवाताच्या रुग्णाचा चेहरा स्नायूंच्या ताठरपणामुळे निर्विकार दिसतो. तो हसत नाही म्हणजे त्याला आवडत नाही, असे समजू नये. पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना अनावर हसू किंवा रडू येते. हा मेंदूच्या इजेचा परिणाम असून त्यावर उपचार आहेत. अशा व्यक्तीला हास्याचा आग्रह करू नये.

आवाजाचा वाद

एकाचे आरोग्य दुसऱ्याचा उपद्रव होऊ शकते. कुर्ल्यातील एका तलावाकाठी भरणाऱ्या क्लबच्या हसण्या-टाळ्यांचा त्रास होतो, अशी तक्रार घेऊन लगतच्या इमारतीतील एक वयोवृद्ध रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देत हा त्रास थांबविण्यास पोलिसांना सांगितले. या वृत्ताची परदेशातही थट्टेच्या सुरात दखल घेतली गेली, परंतु प्रश्न थट्टेचा नव्हता. रात्रभर झोप न लागलेल्या आजारी माणसाला पहाटे जेमतेम डोळा लागलेला असतो, आणि तोही ज्येष्ठच असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्रीची शांततेची वेळ सकाळी सहाला संपते आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असते. क्लबने इमारतींपासून दूरची जागा निवडणे, ध्वनिवर्धक न वापरणे आणि मूक हास्याचे प्रमाण वाढवणे हे उपाय सोपे आहेत.

प्रसार

पहिला जागतिक हास्यदिन १९९८ मध्ये मुंबईत साजरा झाला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने या चळवळीला मराठी वळण दिले. मीरा नायर यांनी मुंबईतील क्लबांवर माहितीपट काढला. ‘मुन्नाभाई एम. बी. बी. एस.’ (२००३) या चित्रपटातील राग आला की हसत सुटणारे डॉ. अस्थाना हे या लाटेचेच अपत्य होय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बागांना कुलपे पडली आणि साठीपुढच्यांना घरातच राहण्यास सांगण्यात आले. क्लब मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. आवाज क्षणभर मागेपुढे पोहोचत असल्याने टाळ्यांचा ताल जमत नसे, आणि ज्यांना स्मार्टफोन वापरता येत नव्हता ते बाहेरच राहिले. मात्र पडद्यावरच्या वर्तुळात यायला जिना उतरावा लागत नव्हता. गुडघ्यांमुळे किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे क्लब सुटलेल्यांनाही जुन्या सोबत्यांचे चेहरे तेथे दिसू शकत होते. बागा उघडल्यावर बहुतेक जण प्रत्यक्ष वर्तुळाकडे वळले. मुंबईतील अनेक बागांच्या प्रवेशद्वारांत दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून अरुंद वळणाचे लोखंडी अडसर बसवलेले असतात, आणि त्यांतून वॉकर किंवा चाकाची खुर्ची जात नाही.